तलवार भारी की मंत्र?

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. अगदी खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुम्ही कधी लिंबूटिंबू झाला आहात?

म्हणजे बघा, अंगणात लगोरी नाहीतर पकडापकडी रंगलेली असते. घरातलं शेंडेफळ "मला पण घ्या ना!" म्हणून भोकाड पसरतं. आतून आईचा आवाज येतो, "अरे, घ्या की त्यालाही!" मग ताई आणि दादा एकमेकांकडे बघतात आणि जाहीर करतात, "बरं, हा लिंबूटिंबू." झालं! शेंडेफळ खूष. धावतं, ओरडतं, घामाघूम होतं. पण थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं, की आपण आउट झालो तरी आपल्यावर राज्य येत नाही. आपल्याला पकडायला कुणी जीव तोडून धावतही नाही. आपण खेळात आहोत, पण आपल्यावाचून खेळाचं काही अडत नाही! मग ते गुपचूप पायरीवर जाऊन बसतं. कुणी त्याला हाकलेलं नसतं. तरी ते उठून जातं.

आज ज्या खेळाची गोष्ट सांगणार आहे, त्यात मोठमोठी माणसं पन्नासहून जास्त वर्षं याच शेंडेफळाच्या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे तळघर, भुयार. ड्रॅगन तर तुम्हाला माहीतच आहे, आग ओकणारा पंखवाला महाकाय प्राणी!

ना पट, ना सोंगट्या!

हा खेळ टीव्हीवरचा नाही की कॉम्प्युटरवरचाही नाही बरं का. चार-पाच मित्रमैत्रिणी टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एक जण असतो डंजन मास्टर. आपण त्याला सूत्रधार म्हणू. सूत्रधार गोष्ट सांगायला लागतो, "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात. आतून जळक्याचा वास येतोय. काय करता?"

बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी म्हणतं, "मी दाराला कान लावतो." कुणी म्हणतं, "मी तलवार उपसते." जमलं की नाही, हे ठरवायला फासे टाकायचे. आपल्या सापशिडीचा फासा सहा बाजूंचा. इथे चार, आठ, दहा, बारा आणि चक्क वीस बाजूंचेही फासे असतात! खेळ एका दिवसात संपेलच असं नाही. तीच पात्रं घेऊन काही जण महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खेळतात. पराक्रम केला की अनुभवाचे गुण मिळतात. ठरावीक गुण साठले की पात्र एक पायरी वर चढतं, म्हणजे आणखी तगडं होतं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. खेळणारे त्याला क्लास म्हणतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू, तर कुणी कुलपं उघडण्यात पटाईत असा चोर. पेशा घेतला की त्याचे गुण घ्यायचे आणि त्याचे दोषही घ्यायचे.

आणि इथेच सगळी गंमत आणि सगळी भांडणं सुरू होतात. जादूगार भारी की लढवय्या? तलवार भारी की मंत्र?

तोफ आणि शिपाई

हे भांडण मुळात आलं कुठून? त्यासाठी जरा मागे जाऊ.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहायचे. आधी ते विम्याच्या क्षेत्रात नोकरीला होते. ती सुटल्यावर जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागले. पण वेड होतं ते युद्धखेळांचं! टेबलावर छोटे छोटे शिपाई मांडायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकून लढाई करायची. १९७१ साली त्यांनी जेफ पेरेन यांच्याबरोबर अशा मध्ययुगीन लढायांचं एक नियमपुस्तक काढलं, 'चेनमेल'. त्याच्या शेवटी एक मजेशीर पुरवणी जोडली होती. तुमच्या सैन्यात ड्रॅगन, राक्षस आणि जादूगार घ्यायचे असतील, तर त्यांचे हे नियम, अशी!

त्या पुरवणीतला जादूगार कसा होता, सांगू? तो आगीचा गोळा फेकायचा. गोळा पडला की किती जागेतले शिपाई आडवे होणार? पुस्तक सांगतं, मोठ्या गोफणयंत्राचा धोंडा पडल्यावर जेवढ्या जागेतले होतात तेवढ्या. म्हणजे तो जादूगार दोन पायांची तोफच होता म्हणा ना!

त्यात अन्याय काहीच नव्हता. कारण तोफही एकाच खेळाडूची आणि शिपाईही त्याचेच. बुद्धिबळात वजीर कुठेही धावतो आणि प्यादं बिचारं एकेक घर सरकतं. प्याद्याला वाईट वाटतं का? नाही. कारण सोळाच्या सोळा मोहरे एकाच्याच हातात असतात.

पण पुढे काय झालं? शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह अर्नेसन नावाचा एक तरुण राहत होता. त्याने 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ रचला. त्यात प्रत्येकाने अख्खं सैन्य न घेता एकच पात्र घ्यायचं. गायगॅक्स आणि अर्नेसन एकत्र आले आणि १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून बाहेर पडला. पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती!

आता विचार करा. बुद्धिबळाच्या एकाच पटाभोवती सोळा मुलं बसवली आणि प्रत्येकाला एकच मोहरा दिला, तर? वजीरवाली मुलगी खुशीत. आणि प्यादंवाला मुलगा? तो दहा मिनिटांत विचारेल, "मी घरी जाऊ का?"

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये नेमकं हेच होण्याची भीती होती. कालची तोफ एका मुलाचं पात्र झाली आणि कालचा शिपाई दुसऱ्याचं!

ही भीती पोकळ नव्हती. त्या वेळचे खेळाडू एक किस्सा सांगतात. ब्लॅकमूरमध्ये एकाने रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरचं पात्र घेतलं होतं. ते हळूहळू इतकं शिरजोर झालं, की बाकीच्यांना आवरेना. मग त्यावर उतारा म्हणून व्हॅम्पायरला पळवून लावणारं धर्मगुरूचं पात्र आणलं गेलं. पुढे १९७४च्या पुस्तकात जे तीन पेशे छापले गेले, ते लढवय्या, जादूगार आणि हा धर्मगुरू. म्हणजे तीनांपैकी एक पेशा जन्मलाच तो तराजूचं खाली गेलेलं पारडं सावरायला!

अडीच प्राणांचा जादूगार

मग तोफेला वेसण कशी घातली? युक्ती सोपी होती. सुरुवातीला जादूगार इतका लेचापेचा करायचा, की त्याची कीव यावी!

१९७८ सालच्या नियमपुस्तकातली आकडेमोड करून बघू. घ्या कागद-पेन्सिल. पात्र किती मार सोसू शकतं, हे फासा टाकून ठरतं. त्या आकड्याला हिट पॉइंट म्हणतात. आपण प्राण म्हणू. पहिल्या पायरीवरच्या लढवय्याला दहा बाजूंचा फासा, तर जादूगाराला फक्त चार बाजूंचा. दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच, चार बाजूंच्या फाशाची अडीच. झालेच मुळी अडीच प्राण!

समोरून गॉब्लिन नावाचा एक खुजा राक्षस आला. त्याचा एक घाव, सहा बाजूंचा फासा. जादूगाराचे प्राण चार प्रकारचे असू शकतात आणि गॉब्लिनचा घाव सहा प्रकारचा. म्हणजे एकूण २४ जोड्या. त्यांतल्या १८ जोड्यांमध्ये घाव प्राणांइतका किंवा जास्त भरतो. पटत नसेल तर मांडून बघा! म्हणजे घाव बसलाच, तर चारांतून तीन वेळा जादूगारबुवा एकाच दणक्यात आडवे. लढवय्याचं काय? त्याच्या ६० जोड्यांपैकी फक्त २१. बहुतेक वेळा तो उभाच राहणार.

बरं, एवढ्यावर भागत नाही. जादूगाराने चिलखत घालायचं नाही. हातात खंजीर नाहीतर काठी. आणि मंत्र? दिवसाला एक! तोही सकाळी पाठ करून ठेवायचा. एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जायचा. जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून ही कल्पना घेतली होती. मंत्र म्हणता म्हणता घाव बसला, तर तोही वाया.

म्हणजे पहिल्या पायरीवर आपला लिंबूटिंबू कोण? जादूगार! दिवसातून एकदा चमकायचं आणि उरलेला दिवस लढवय्याच्या पाठीमागे लपायचं.

पारडं फिरलं!

पण थांबा. आता हेच दोघं दहाव्या पायरीवर पोचले असं धरू. ओगर नावाचे सहा दांडगे राक्षस चाल करून आले. एकेकाचे प्राण सरासरी १९.

ओगरसारख्या मोठ्या देहाच्या राक्षसावर लढवय्याची लांब तलवार बारा बाजूंच्या फाशाची, म्हणजे घावाला सरासरी साडेसहा. दोन फेऱ्यांत त्याला तीन घाव घालता येतात. तीनही बसले तरी साडेएकोणीस. दंडातल्या ताकदीचे आणि जादूच्या तलवारीचे जादा गुण मिळतात खरे, ते घटकाभर बाजूला ठेवू. तर दोन फेऱ्यांनंतर जेमतेम एक ओगर पडतो.

आता जादूगार. त्याचा आगीचा गोळा पायरीमागे एक सहाबाजू फासा देतो. दहा पायऱ्या, दहा फासे, सरासरी ३५. आणि हे एकाला नव्हे, गोळ्याच्या तावडीत सापडलेल्या प्रत्येकाला! सहा ओगर, सहा गुणिले पस्तीस, २१०. कुणी अंग चोरून वाचला तर त्याला निम्मा मार. म्हणजे साडेसतरा, तोही जवळजवळ संपलाच. आणि असे तीन गोळे तो दिवसाला टाकू शकतो.

आता बोला! लढवय्या बिचारा तलवार उपसून उभा आणि समोर नुसता धूर!

खेळणाऱ्यांनी हे फार छान शब्दांत पकडलं. ते म्हणू लागले, लढवय्या सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत. गणिताच्या तासाला शिकलात ना? एक, दोन, तीन, चार ही सरळ वाढ. एक, चार, नऊ, सोळा ही वर्गाची. जादूगाराचे मंत्र वाढतात, जुना मंत्र जास्त जोरकस होतो आणि वरच्या दर्जाचे नवे मंत्रही मिळतात. वाढीवर वाढ!

गायगॅक्स यांनी तराजूत आणखी एक वजन टाकून पाहिलं होतं. वर चढायला लागणारे गुण प्रत्येक पेशाला वेगवेगळे. दुसऱ्या पायरीवर जायला चोराला १२५१ गुण पुरत, लढवय्याला २००१ लागत आणि जादूगाराला २५०१. म्हणजे भारी पेशाला चढण जास्त. कल्पना छान! पण गंमत पुढे आहे. त्याच तक्त्यात सातव्या पायरीला लढवय्याला ७०००१ गुण हवेत, तर जादूगाराला ६०००१. ज्या वयात जादूगार खरा भारी होतो, त्याच वयात त्याची चढण सोपी! वजन टाकलं खरं, पण वर जाता जाता तेच वजन दुसऱ्या पारड्यात घसरलं.

"सुरुवातीला मी सोसलं, आता तू सोस," हा न्याय झाला का? दोघंही वर्षभर खेळत राहिले तर कदाचित झाला. पण दहावीचं वर्ष आलं, कुणाची बदली झाली आणि खेळ तिसऱ्याच पायरीवर थांबला तर? जादूगाराने नुसतं सोसलंच. आणि एखादी मैत्रीण खेळात उशिरा आली, तीही लढवय्या होऊन, तर? तिच्या वाट्याला फक्त धूर!

चोराची किल्ली कुणी पळवली?

ताकदीचं झालं. पण अन्यायाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त लागतो. तो म्हणजे आपलं काम दुसऱ्याने पळवणं.

१९७५ साली 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली आणि तिच्यातून चोराचा पेशा आला. १९७८च्या पुस्तकात पहिल्या पायरीवरच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शंभरांत २५. सावलीत लपण्याची शंभरांत १०. थोडक्यात काय, चारांतून तीन वेळा कुलूप हसत राहणार! पण म्हणून काय झालं? ते काम त्याचं होतं. बंद दार आलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. तो ओठ चावत तार फिरवायचा, फासा गडगडायचा आणि टेबल श्वास रोखून बसायचं.

मग एके दिवशी जादूगार 'नॉक' नावाचा मंत्र शिकून आला. मंत्र म्हटला, दार सताड उघडं! ना तार, ना श्वास रोखणं. वर अदृश्य होण्याचाही मंत्र त्याच्याकडे. मग सावलीत लपणाऱ्याची गरजच काय?

चोर पहिल्यापेक्षा दुबळा झाला का? मुळीच नाही. त्याचे २५ टक्के तसेच होते. तरी तो क्षणात लिंबूटिंबू झाला. म्हणजे बघा, आपल्या अंगात बळ किती आहे, एवढाच प्रश्न नसतो. चौघांत आपल्यावाचून काही अडतं का, हाही असतो.

सगळ्यांना सारखंच वाटलं तर?

तुमच्यातला कुणी हुशार म्हणेल, "त्यात काय! सगळ्यांना सारखी ताकद द्या, मिटलं भांडण."

तेही करून झालंय बरं का!

२००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती आली. तोवर खेळाची मालकी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे गेली होती. या आवृत्तीत वेगवेगळ्या चढणी काढून टाकल्या आणि सगळ्या पेशांना गुणांचा एकच तक्ता दिला. पण मंत्रांचं बळ तसंच राहिलं आणि वरच्या पायऱ्यांवर जादूगाराचं पारडं आणखीच जड वाटू लागलं.

मग २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत रचनाकारांनी अगदी काटेकोर वाटणी केली. चार भूमिका ठरवल्या. ढाल होऊन उभा राहणारा, घाव घालणारा, सोबत्यांना सावरणारा आणि मैदान ताब्यात ठेवणारा. लढवय्या असो की जादूगार, प्रत्येकाला करामतींचे तेच तीन प्रकार. काही केव्हाही वापरायच्या, काही एका झुंजीत एकदा, काही दिवसातून एकदा. पंक्तीत बसल्यावर प्रत्येकाच्या पानात मोजून तितकेच जिन्नस!

अन्याय संपला? बराचसा संपला. पुष्कळांना ही आवृत्ती मनापासून आवडली. पण पुष्कळ जण कुरकुरले, "अहो, माझी तलवार आणि त्याचा मंत्र आता सारखाच वाटतो! नाव वेगळं, चव तीच." जुन्या नियमांवरच आधारलेला 'पाथफाइंडर' नावाचा दुसरा खेळ २००९ साली निघाला आणि कितीतरी खेळाडू तिकडे वळले. भाजी, आमटी, कोशिंबीर सगळ्यांना एकच फोडणी दिली तर जेवण कसं लागेल? तसं काहीसं झालं.

२०१४ साली पाचवी आवृत्ती आली. तिने मधली वाट काढली. जादूगाराला चारऐवजी सहा बाजूंचा प्राणफासा मिळाला. मंत्र संपल्यावर हातावर हात ठेवून बसायला नको म्हणून हवे तितक्या वेळा वापरायचे छोटे मंत्र मिळाले. उलट, वरच्या पायरीवर त्याला लगामही बसला. आगीचा गोळा आता पायरीबरोबर आपोआप फुगत नाही. आठ फाशांपासून सुरुवात. जास्त हवा तर वरच्या दर्जाच्या मंत्राची जागा खर्च करा. जे मंत्र मन एकाग्र करून धरून ठेवावे लागतात, त्यांतला एका वेळी एकच धरता येतो. आणि लढवय्याचे घाव पायरीगणिक वाढत वाढत शेवटी एका फेरीत चारपर्यंत जातात.

पण मला सगळ्यात आवडलेला बदल अगदी चिमुकला आहे. तो 'नॉक' मंत्र आठवतो ना? पाचव्या आवृत्तीत त्या मंत्राने दार उघडतं खरं, पण ३०० फुटांवर ऐकू जाईल असा ठोठावल्याचा दणका होतो! सगळ्या पहारेकऱ्यांना जाग. म्हणजे गडबडीत दार हवं असेल तर जादूगाराला हाक मारा आणि चाहूल न देता आत शिरायचं असेल, तर तारवाल्या चोराला. जादूगाराची करामत हिरावून घेतली नाही, चोराला नवी ताकद दिली नाही. फक्त एक दणका, आणि चोराला त्याचं काम परत मिळालं!

मग समतोल म्हणजे काय?

या दणक्यातच सगळं उत्तर आहे, दोस्तांनो. समतोल म्हणजे सगळ्यांचे आकडे सारखे असणं नव्हे. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाकडे कधी ना कधी सगळ्यांनी वळून बघावं आणि म्हणावं, "आता तूच काहीतरी कर!" हा खरा समतोल.

आणि हे पुस्तकातले नियम एकट्याने करू शकत नाहीत. नियम तक्ते देतात. बाकीचं टेबलावरच्या माणसांनी करायचं असतं.

चांगला सूत्रधार ते कसं करतो? दिवसभरात एकच मोठी लढाई ठेवली, तर जादूगार सगळे मंत्र तिथेच उधळून मोकळा होतो. म्हणून सूत्रधार लहान-मोठ्या चार झुंजी ठेवतो. तिसऱ्या झुंजीपर्यंत मंत्र संपतात, तलवार मात्र संपत नाही! कधी तो अशी जागा रचतो, जिथे मोठ्याने मंत्र म्हटला तर झोपलेला ड्रॅगन जागा होईल. कधी गावकऱ्यांना जादूगाराची भीती वाटते, पण लढवय्याशी ते मोकळेपणाने बोलतात. असं प्रत्येकासाठी एखादं दार तो आधीच ठेवून देतो.

आणि ज्याच्या हाती जास्त बळ आहे, तोही खूप काही करू शकतो. १९७८च्याच पुस्तकात आगीच्या गोळ्याच्या दर्जाचा आणखी एक मंत्र आहे, 'हेस्ट'. तो सोबत्यांवर टाकायचा. त्यांची चाल दुप्पट होते आणि घावही दुप्पट! मोबदला म्हणून त्यांचं वय एका वर्षाने वाढतं, ही त्यातली मेख. म्हणजे एकाच जागेसाठी जादूगारापुढे दोन मंत्र. गोळा टाकून स्वतः भाव खायचा, की मित्राच्या तलवारीला पंख लावायचे? दोन्हींनी राक्षस पडतील. पण दुसऱ्या वेळी घरी जाताना दोघं आनंदात असतील.

करून पाहा

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही स्वतःच असा खेळ रचू शकता. वेगवेगळे फासे नाहीत म्हणून अडायचं नाही. वाटीत १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका, झाला दहा बाजूंचा फासा. साधा फासा टाकून ५ किंवा ६ आला तर पुन्हा टाका, झाला चार बाजूंचा. तीन-चार पेशे ठरवा. पहारेकरी, मांत्रिक, वाटाड्या, वैदू, तुम्हाला सुचतील ते. कोणत्या पेशाला काय जमतं आणि काय अजिबात जमत नाही, दोन्ही लिहा. एक जण सूत्रधार व्हा आणि गोष्ट सुरू करा.

फक्त एक काम आठवणीने करायचं. वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावाचा रकाना आखा. ज्याच्यामुळे गोष्ट पुढे सरकली, त्याच्या रकान्यात एक रेघ. तलवारीमुळे असो, मंत्रामुळे असो, नाहीतर नुसत्या हुशार बोलण्यामुळे. तासाभराने रेघा मोजा. एकाच्या बारा आणि दुसरीची एकच असेल, तर समजा की तराजू कलला.

अशा वेळी बारावाल्याचे पंख छाटायची घाई करू नका. आधी एक रेघवालीसाठी गोष्टीत एखादं दार उघडून बघा. तिच्या वाटाड्यालाच दिसेल अशी पायवाट, तिच्या वैदूलाच ओळखू येईल अशी मुळी. पुढच्या तासाला पुन्हा रेघा मोजा. तरीही तराजू कललेलाच राहिला, तर सगळ्यांनी मिळून नियम बदला. गायगॅक्स २००८ साली गेले, अर्नेसन २००९ साली. त्यांच्या खेळाचे नियम २०२४ साली पुन्हा एकदा सुधारून छापले गेले आणि तलवार भारी की मंत्र, हा वाद तरी अजून चालूच आहे. मग तुम्ही तुमचे नियम दोन-चारदा खोडलेत, म्हणून काय बिघडलं?

आणि हो, खेळ रंगात आला असताना ते शेंडेफळ आलं आणि "मला पण घ्या ना" म्हणालं, तर त्याला लिंबूटिंबू करू नका हं. त्याला एक पेशा द्या. असा, की ज्याच्यावाचून तुमच्या किल्ल्याचं एक तरी दार उघडणार नाही. मग बघा, पायरीवर जाऊन बसायचं त्याला सुचतं का!